मज्जासंस्थेची पाटी

माझं चष्म्याचं दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे आणि समोरच्या दारात मेंदूच्या डॉक्टरीणबाई बसतात. मधे चौदा पावलांचा व्हरांडा. चौदा पावलं मी मोजलेली नाहीत, गेली एकोणीस वर्षं बाईंचे पेशंट मोजताहेत. बाई खुर्चीत बसवून तपासतात ते तपासतातच, पण शेवटी माणसाला बाहेर काढून चालायला लावतात. "सरळ जा, चष्म्याच्या दुकानाला हात लावा आणि परत या." मग टाचेला अंगठा जोडून एका रेषेत. मग डोळे मिटून उभं राहायचं. त्यामुळे दिवसाकाठी आठ-दहा माणसं माझ्या काचेला हात लावतात आणि एकही चष्मा न घेता परत जातात.

उकाड्याच्या दिवसांत त्यांचं दार अर्धं उघडं असतं. मग आतलं दर्शनही घडतं. कोट घातलेला, चांगला वजनदार गृहस्थ गाल फुगवून बसलेला असतो. मग तो दात दाखवतो, जीभ बाहेर काढतो, भुवया वर चढवतो. बाई गंभीरपणे बघत असतात. माझ्याकडे चष्म्याची काच बदलायला आलेली एक आजी हे पाहून घाबरली. "अहो, समोर भांडण चाललंय का?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही हो, तपासणी चाललीय." तर तिनेही आरशात बघून हळूच स्वतःचे गाल फुगवून पाहिले.

बाईंचा दवाखाना सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ. एका पेशंटला चाळीस मिनिटं. कमी नाही, जास्त चालेल. यावरून त्यांचा कंपाउंडर रोज कपाळावर हात मारतो. (कंपाउंडर म्हणजे काय, त्याने आयुष्यात एक औषध कालवलेलं नाही. नंबर लावतो, फायली शोधतो आणि लोकांना गप्प बसवतो.) त्याचं म्हणणं, "मॅडम, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर तेवढ्यात बारा माणसं काढतात." बाई म्हणतात, "काढत असतील. मला माणसं काढायची नसतात, दुखणं काढायचं असतं."

एकदा एक भरभक्कम ठेकेदार आला. मांडीला मुंग्या येतात, बधिर होते. हातात ही जाडजूड फाईल. "डोक्याचा स्कॅन काढा," म्हणाला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मांडीवर कापूस फिरवला, टाचणी टोचली आणि म्हणाल्या, "पट्टा दोन भोकं सैल करा."

"म्हणजे?"

"पोट सुटलंय आणि पट्टा जुन्याच भोकात आहे. तिथून मांडीची नस जाते. ती चेपते."

ठेकेदाराचा अपमान झाला. "हे तर मला माझा शिंपीही सांगेल!"

"मग शिंप्याने का नाही सांगितलं?" बाईंनी विचारलं. तीन आठवड्यांनी तो मुंग्या गेल्याचं सांगायला आला, पण स्कॅन न काढल्याची रुखरुख त्याच्या तोंडावर तशीच होती.

या बाई मेंदूकडे कशा वळल्या, ते मला त्यांच्या वडिलांनी सांगितलंय. एकदा नाही, शंभरदा. वडील वीज कंपनीत वायरमन होते. चाळीस वर्षं खांबावर चढण्यात गेली. आता वय एक्क्याऐंशी. घरी करमत नाही म्हणून रोज लेकीबरोबर दवाखान्यात येतात आणि बाकावर पेशंटांच्या रांगेत बसतात. पिशवीत अजून पक्कड आणि टेस्टर. नवा पेशंट त्यांना "तुमचा कितवा नंबर?" विचारतो, तर ते म्हणतात, "माझा पहिलाच. मी बाप आहे तिचा."

तर बाई बारा वर्षांच्या असताना सुट्टीत वडिलांच्या मागे शिडी धरायला जायच्या. एका घरात दिवे गेले होते. घरातले सगळे एकदम बोलत होते. कुणी म्हणे बल्ब, कुणी म्हणे मीटर. वडिलांनी पिशवी उघडलीच नाही. आधी चार प्रश्न विचारले. कधीपासून? हळूहळू गेले की एकदम? सगळ्या खोल्यांतले की एकाच? शेजारी उजेड आहे का? आणि म्हणाले, "जिन्यातला जोड सुटलाय." जिन्यात जाऊन बघितलं, तर तसंच. त्या दिवशी बाप म्हणजे जादूगार आहे असं मुलीला वाटलं.

पुढे डॉक्टरीच्या कॉलेजात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी खाटेवरच्या पेशंटला हेच चार प्रश्न विचारले. खिशातून हातोडी काढून गुडघे ठोकले, तळपायावर किल्ली ओढली आणि म्हणाले, "बिघाड पाठीच्या मणक्यात, छातीच्या खाली चार बोटं." बाकीची पोरं आ वासून बघत राहिली. ही म्हणाली, "हे तर बाबांचं काम!" आणि ठरवून टाकलं.

शिकायला लागली बारा वर्षं. वडील म्हणायचे, "अगं पोरी, बारा वर्षांत आम्ही सत्तर गावांना वीज दिली." नंबर वरचा होता, सर्जन होता आलं असतं. आत्याने तर डोकंच धरलं. "कापाकापी सोडून गुडघे ठोकत बसणार? हातोडीच धरायची होती तर बारा वर्षं कशाला शिकलीस?" त्यावर वडील बहिणीला म्हणाले, "ताई, हातोडी सगळ्यांकडे असते. कुठे ठोकायची त्याचे पैसे असतात." आणि आत्याची खरी काळजी वेगळीच होती. मेंदूची डॉक्टर म्हणजे वेड्यांची डॉक्टर, असं तिने सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं. वेड्यांचे डॉक्टर वेगळे, हे पटवण्यात बाईंची पुढची पाच वर्षं गेली. अजूनही काही पेशंट डोक्यावरून टॉवेल घेऊन जिना चढतात आणि आधी माझ्या दुकानात शिरून इकडे तिकडे बघतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी इमारतीला रंग दिला आणि मालकाने फर्मान काढलं की सगळ्यांनी नव्या पाट्या लावाव्यात. मी छापील प्लास्टिकची लावून मोकळा झालो. बाईंचे वडील मात्र हटून बसले. "पाटी हाताने रंगवलेलीच पाहिजे. आणि ती कवटीच रंगवेल."

कवटी म्हणजे त्यांचा जुना मित्र, पेंटर. वीज कंपनीच्या खांबांवर 'धोका' लिहिलेले पत्रे असायचे ना, खाली कवटी आणि दोन हाडं, ते सगळे याच्या हातचे. म्हणून नाव पडलं कवटी. तो वडिलांना म्हणायचा खांब्या. पेंटरचं वय सहासष्ट, अंगाने काडी, पण अक्षर असं की गावात त्याने रंगवलेली दुकानाची पाटी लोक उगाच उभं राहून वाचायचे. ठसा कधी वापरला नाही. दोरीला खडू लावून एक रेघ मारायचा, की झालं.

मला या पेंटरबद्दल एक गोष्ट माहीत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्या एका वर्षात त्याने माझ्याकडून तीन चष्मे नेले होते. दरवेळी येऊन म्हणे, "अक्षर हलतंय. नंबर वाढलाय." मी तपासायचो, नंबर तोच. पण गिऱ्हाईक म्हणतंय तर आपण कशाला नाही म्हणा? पाव नंबर इकडे, पाव नंबर तिकडे करून द्यायचो. याची मला पुढे चांगलीच लाज वाटायची होती.

मजकूर बाईंनी कागदावर लिहून दिला. नाव, तीन पदव्या, 'मेंदू व मज्जासंस्था तज्ज्ञ', आणि वेळ. पेंटर पत्रा घरी घेऊन गेला. तीन दिवसांचं काम, त्याने पंधरा दिवस लावले. शेवटी एका दुपारी बाई नसताना पाटी आणून लावली आणि घाईघाईने निघून गेला.

मी दारातून बघितलं आणि मला ठसका लागला. नाव आणि पदव्या ठीक होत्या. पुढे अक्षरं मोठी मोठी होत गेली होती आणि जागा संपली होती. त्यामुळे तिसऱ्या ओळीत 'मेंदू व मज्जा' एवढंच मावलं. चौथ्या ओळीत 'संस्था'. बिचारा 'तज्ज्ञ' उरला, तो खालच्या कोपऱ्यात, चालत्या बसच्या पायरीवर लटकावा तसा, तिरका. लांबून वाचलं की सरळ दिसायचं: मेंदू व मज्जा संस्था, वेळ १० ते २ आणि ५ ते ८.

दुसऱ्याच दिवशी चार निवृत्त गृहस्थ जिना चढून आले. पुढचा कंपाउंडरला म्हणाला, "आम्ही चौघे आहोत. सभासद व्हायला काय लागतं?"

"कसले सभासद?"

"मज्जा संस्थेचे. पत्ते आहेत की नुसता कॅरम?"

कंपाउंडर म्हणाला, "इथे गुडघे ठोकतात."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "एवढंच?"

बाई दारात येऊन हे ऐकत होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. पण हसता हसता एकदम थांबल्या आणि चौघांतल्या सगळ्यात मागच्याला म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा चालून दाखवता का? चष्म्याच्या दुकानापर्यंत?" तो चालला. उजवा हात हलत होता, डावा खांद्याला टांगल्यासारखा गप्प. बाईंनी त्याला आत घेतलं. मजा करायला आलेला माणूस महिन्याच्या गोळ्या घेऊन गेला. पुढे तो सगळ्यांना सांगायचा, "पाटी चुकली म्हणून माझं दुखणं वेळेवर सापडलं."

वडील मात्र लालबुंद झाले होते. "कवटीला आत्ता बोलावतो. म्हातारपणी पिऊन बसला की काय!" त्यांनी फोन लावला. पेंटर पलीकडून म्हणाला, "माझी काय चूक? तो समोरचा चष्मेवाला चुकीचा चष्मा देतो."

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढे झालो आणि तीनही चष्म्यांची कबुली दिली. "बाई, त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. मी उगाच काचा बदलत राहिलो."

बाई पाटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत पेशंट खोळंबला होता, कंपाउंडर घड्याळ दाखवत होता, तरी हलेनात. मग म्हणाल्या, "चष्मेवाले, इकडे या. शिरोरेषा बघा. दोरीसारखी सरळ आहे. काने बघा, सरळ. आता 'म'ची गाठ बघा, 'ज'चं पोट बघा. जिथे जिथे बोटं वळवावी लागतात, तिथेच अक्षर फाटलंय. प्यायलेल्या माणसाची रेघही हलली असती."

आणि खुर्चीत बसून स्वतःवरच चिडल्या. "मी रोज यांच्या पाट्यांखालून येते. किराणावाल्याची नवी पाटी, सायकलवाल्याची नवी पाटी. अक्षर बिघडलंय हे मला वर्षभर दिसत होतं. मी मनात म्हणायची, आजकाल नीट काम करायला कुणालाच नको. रस्त्यावरच्या परक्या माणसाची चाल मला कळते, आणि घरच्या माणसाचं अक्षर कळलं नाही."

पेंटरला तपासायला बोलावलं तर तो यायला तयार नाही. "मला मेंदूचं काही नाही. मी काय वेडा आहे?" इथेही आत्याचा प्रचार पोचलेला होता. शेवटी वडिलांनी डाव टाकला. फोनवर म्हणाले, "पाटीचं राहू दे रे. दवाखान्याच्या मीटरच्या पेटीवर धोक्याची खूण नाही. कवटी काढून दे. तुझ्याशिवाय कुणाला येतेय?"

या आमिषाने पेंटर गळाला लागला. संध्याकाळी पाचच्या आधी आला. उजवा हात खिशात. बाई पेशंटांच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या, जणू काही लक्षच नाही. पेंटरने खांद्याच्या उंचीवर पेटीवर खडूने कवटी काढली. एका दमात, हात झोकून. सुंदर कवटी! अगदी हसरी. मग डबा उघडला, बारीक ब्रश काढला, आणि आमच्याकडे पाठ केली.

"असा का उभा राहतोस?" वडील म्हणाले.

"उजेड येतो."

"उजेड तर या बाजूने येतोय. मला शिकवतोस?"

वडील उठून पलीकडे गेले आणि जागीच थबकले. पेंटरने ब्रश टेकवला होता, आणि टेकवताक्षणी त्याचं मनगट आत वळलं होतं, अंगठा ताठ होऊन बाहेर आला होता, करंगळी तर पार वर. जणू हात ब्रशला घाबरून पळ काढतोय. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं आणि कपाळावर घाम होता.

"कधीपासून?" बाईंनी वर्तमानपत्र खाली न ठेवता विचारलं.

पेंटरने ब्रश डब्यात टाकला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली असतील."

"एकदम की हळूहळू?"

"हळूहळू."

"कप धरता येतो?"

"येतो."

"सदऱ्याची बटणं?"

"सगळं येतं, डॉक्टरीणबाई! दाढी येते, पतंगाची गाठ येते, सुईत दोरा येतो. फक्त ब्रश धरला की हा हात माझा राहत नाही. सून म्हणते कामचुकारपणा. लेक म्हणतो प्यायला लागलात. मी चष्मे बदलले, मानेला पट्टा बांधला, तेल चोळलं. कुणाला काय सांगू? सगळं येतं आणि तेवढंच येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?"

"मी ठेवते," बाई म्हणाल्या. "चला आत."

त्या दिवशी पेंटरला सव्वा तास लागला. कंपाउंडर नंतर आठवडाभर ते सांगत होता. बाईंनी त्याच्याकडून खडूने, पेन्सिलीने, ब्रशने लिहून घेतलं. डाव्या हाताने लिहायला लावलं, तर मांडीवर स्वस्थ पडलेला उजवा हात आपोआप वाकडा झाला. ते बघून पेंटर स्वतःच म्हणाला, "अरे चोरा!"

मग बाईंनी समजावलं. ताकद शाबूत, नस शाबूत, गाठ-बिठ काही नाही. मेंदूच्या आत हालचालींची मांडणी होते, तिथे या एकाच कामाचा हिशोब चुकतोय. वर्षानुवर्षं बारीक बारीक तेच काम केलेल्या हातांना कधी कधी असं होतं. पेंटर मान हलवत होता, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं.

दाराशी उभे असलेले वडील म्हणाले, "कवटी, ऐक. बल्ब ठीक, वायर ठीक. स्विचच्या बोर्डात गोंधळ आहे. तू एक बटण दाबतोस आणि तीन दिवे लागतात."

"आत्ता कळलं!" पेंटर म्हणाला.

बाई वडिलांकडे बघत राहिल्या. "बाबा, हेच सांगायला मला कॉलेजात पोरांना शिकवताना एक तास लागतो."

"तुला बारा वर्षं शिकवलंय, वेळ लागणारच."

उपाय काय, तर बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. पूर्ण बरं होणं कठीण. जे स्नायू उगाच मधे येतात त्यांना इंजेक्शनने थोडं ढिलं करायचं. असर तीनेक महिने, मग पुन्हा. शिवाय हाताला नवी सवय लावायची. हेच इंजेक्शन श्रीमंत लोक कपाळाच्या सुरकुत्या जाण्यासाठी घेतात, हे कंपाउंडरने मधेच सांगितलं. पेंटरने बाही वर करून आपल्या दंडाकडे बघितलं. "मग उरलंसुरलं जरा तोंडावर टोचा."

सुई नेमकी कुठल्या स्नायूत गेली ते कळायला एक यंत्र असतं. सुई आत गेली की स्नायूचा आवाज येतो, जुना रेडिओ लागावा तसा खरखर. वडील खुश झाले. "स्टेशन लागलं!" म्हणून ओरडले, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं.

पहिल्या वेळी मात्रा थोडी जास्त झाली. दोन आठवडे पेंटरचं मधलं बोट लोंबतच राहिलं. तो रोज येऊन बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "आधी हात वाकडा होता, आता झोपलाय." बाईंनी सरळ सांगितलं, "चूक माझी. पुढच्या वेळी कमी देईन." डॉक्टर चूक कबूल करतो हे पेंटरने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो इतका वरमला की दुसऱ्या दिवशी बोटाची तक्रार घेऊन आलाच नाही, नुसताच येऊन बसला.

मग सराव सुरू झाला. बाई म्हणाल्या, "बोटांनी लिहायचं विसरा. खांद्यातून लिहा. कवटी काढलीत तशी." रंग वाया जायला नको म्हणून पेंटर जाड ब्रश पाण्यात बुडवून व्हरांड्याच्या भिंतीवर लिहायचा. अक्षर काढावं, ते वाळून जावं, पुन्हा काढावं. बाकावरचे पेशंट बघत बसायचे. कुणी म्हणे, "माझ्या नातीचं नाव काढा." कुणी म्हणे, "ज्ञ काढून दाखवा." ज्ञ वाळायच्या आत लोक वाहवा करायचे. कंपाउंडर फरशी पुसून वैतागला, पण एक कबूल करायचा, की आता नंबरावरून कुणी भांडत नाही.

पाच महिन्यांनी पेंटरने पाटी उतरवली, घासली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, नव्याने रंगवली. हात पूर्ण सुधारला नव्हता. पण मोठी अक्षरं तो खांदा झोकून काढू शकत होता. 'मज्जासंस्था' एका ओळीत सलग बसली. 'तज्ज्ञ'लाही हक्काची जागा मिळाली. ते चार निवृत्त गृहस्थ बघायला आले होते. त्यातला एक हळहळला, "आधीचंच बरं होतं."

बारीक कामं मात्र गेली ती गेलीच. घरांच्या नावांच्या छोट्या पाट्या, काचेवरची अक्षरं, त्याला जमेनात.

त्याच वर्षी मेंदूच्या डॉक्टरांची मोठी परिषद भरली. बाईंना हातांच्या दुखण्यांवर बोलायचं होतं. त्यांनी पेंटरला विचारलं, "याल का? हात दाखवायचा आहे लोकांना." इंजेक्शनचा असर संपत आला होता, म्हणजे दुखणं ठळक दिसणार होतं. पेंटरने इस्त्रीचा सदरा घातला. वडील आपणहून निघाले. मला बाईंनीच बोलावलं, म्हणाल्या, "या दोघांना सांभाळायला कुणीतरी पाहिजे."

दोनशे डॉक्टर बसले होते. बाईंनी सगळी पार्श्वभूमी सांगितली आणि म्हणाल्या, "आता आपण प्रत्यक्ष पाहू." पेंटर मंचावर गेला. तिथे पांढरा फळा होता. संयोजकांनी त्याच्या हातात फळ्याचं जाड मार्कर पेन दिलं. पेंटरने लिहायला सुरुवात केली, आणि हात मुळी वाकडा होईचना! बारीक, टपोरी, मोत्यांसारखी अक्षरं उतरायला लागली. एक ओळ, दुसरी ओळ. लोक अक्षरालाच माना डोलवायला लागले. बाई तोंडावर हात ठेवून उभ्या.

"डॉक्टरीणबाई, माफ करा," पेंटर माईकमधून म्हणाला, "आज नेमकं जमतंय."

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले एक जाड भिंगाचे डॉक्टर म्हणाले, "पेशंट तर ठणठणीत दिसतो!"

बाईंनी दोन क्षण विचार केला. मग पेंटरच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट केलं. "तुमचा ब्रश घ्या." पेंटरने खिशातला बारीक ब्रश काढला, पाण्याच्या ग्लासात बुडवला, फळ्याला टेकवला मात्र, मनगट आत, अंगठा बाहेर, करंगळी आकाशात. दोनशे डॉक्टर खुर्च्यांतून उठले. "वा! वा!" मागचे खुर्च्यांवर चढले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुन्हा मार्कर दिला, हात सरळ. पुन्हा ब्रश, हात वाकडा. पुन्हा टाळ्या.

खाली आल्यावर पेंटर वडिलांना म्हणाला, "खांब्या, चाळीस वर्षं सरळ अक्षर काढलं, तेव्हा कुणी खुर्चीतून उठलं नाही. आज हात वाकडा केला तर सगळी सभा उठली."

बाई मात्र टाळ्यांकडे लक्ष न देता त्या फळ्याकडेच बघत होत्या. परतताना त्यांनी गाडी एका वह्या-पेनांच्या दुकानापाशी थांबवली. जाडी-बारीक, काळी-निळी, अशी मार्करची पेटी घेतली आणि पेंटरच्या मांडीवर ठेवली. "मेंदूला ब्रशच नको झालाय. हे चालतंय. आपण इतके दिवस विचारलंच नाही."

पेंटरने पेटी उघडून एक पेन नाकाशी धरलं. "हे पोरांचं खेळणं. याला काय वळण येणार?" म्हणाला, पण पेटी परत दिली नाही. घर येईपर्यंत एकेक टोपण काढून बघत होता.

आता त्याच्याकडे बारीक कामांची रांग असते. दर तीन महिन्यांनी इंजेक्शनला येतो, तेव्हा नंबर लागेपर्यंत माझ्याकडे बसतो. मागच्या वेळी माझ्या भिंतीवरच्या नजर तपासायच्या तक्त्याकडे बघून त्याने नाक मुरडलं. "काय ही छापील अक्षरं! 'ख' बघा, पोट फुटल्यासारखा." दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने नवा तक्ता करून आणला. वर वीतभर अक्षर, खाली उतरत उतरत सगळ्यात शेवटची ओळ तांदळाच्या कणीएवढी. मापं मी पट्टीने तपासली, एकही चुकलं नव्हतं.

परवा बाई वाचायचा चष्मा करायला आल्या. सहाव्या ओळीपर्यंत नीट वाचलं, सातवीला अडखळल्या, शेवटची मुळीच दिसेना. मी काच बदलली. तेवढ्यात कंपाउंडर आला, "मॅडम, पुढचा पेशंट."

"बसव जरा," बाई म्हणाल्या. त्या उठून तक्त्याजवळ गेल्या, नाक जवळजवळ भिंतीला लावलं आणि तिथेच उभ्या राहून एकेका अक्षराची गाठ, पोट, वळण बघायला लागल्या.